पाणी उडालें कीं झिरपलें ?

बियाणें घेतांना त्याची उगवणशक्ति शेंकडा किती, हें आपण विचारतों. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद व पालाश यांचे आंकडे छापलेले नसतील तर ती गोणी आपण दुकानांतून उचलीत नाहीं. दुधाचें फॅट पाहिलें जातें, उसाचा उतारा पाहिला जातो. मात्र ज्या वस्तूंचें सारें काम एवढेंच कीं पाणी, वायु किंवा विष यांस एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जाऊं देऊं नये, त्या वस्तु घेतांना ‘यांतून किती जातें ?’ हा साधा प्रश्न आपल्यांतील क्वचितच कोणी विचारतो. शेततळ्याचा कागद आपण मायक्रॉनवर घेतों, फवारणीचे हातमोजे रंग पाहून घेतों, धान्याची पिशवी दुकानदाराच्या शब्दावर घेतों आणि टाकीचा गिलावा गवंड्याच्या मर्जीवर सोडतों. ही रीत बदलली पाहिजे असें माझें स्पष्ट मत आहे. व तें कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या एका बागाईतदाराचें तळें भराभर उतरूं लागलें. तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल; म्हणजे कांठोकांठ भरलें असतां अदमासें २२ लाख लिटर पाणी. डाळिंबाची सगळी बाग त्यावर अवलंबून. कागद घालून दुसरेंच वर्ष. कागद विकणारा गृहस्थ आला, कांठावर उभा राहिला व म्हणाला, “अहो दादा, ऊन काय कमी आहे ? पाणी उडून जातें.” बागाईतदार म्हणाला, “उडत नाहीं, तुमच्या कागदांतून झिरपतें. मला पातळ माल दिलात तुम्ही.” दोघेहि पोटतिडिकीनें बोलत होते आणि दोघांपैकीं कोणाजवळहि माप नव्हतें. पुढें आम्ही तें माप घेतलें तेव्हां दोघांचेंहि म्हणणें अपुरें ठरलें. पण तें मागाहून सांगतों.

झिरपणें हा शब्द आपण सरसकट वापरतों. परंतु त्यांत दोन अगदीं निराळ्या क्रिया आहेत. कुंभाराच्या माठाला बारीक छिद्रें असतात. पाणी त्या छिद्रांतून पाण्याच्याच रूपानें बाहेर येतें, वाऱ्यानें वाळतें व माठ गार राहतो. ही एक रीत. दुसरी रीत हिंगाची. हिंग प्लास्टिकच्या धड पिशवींत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी पाण्यांत बुडवून दाबून पहा. एकहि बुडबुडा निघणार नाहीं. तरी दुसऱ्या दिवशीं फडताळ उघडतांच हिंगाचा वास येतो. भोंक नाहीं, आणि तरीहि वास बाहेर ! याचें कारण असें कीं वासाचे कण प्रथम प्लास्टिकमध्यें विरघळतात, मग त्याच्या अंगांतून हळूहळू सरकत पलीकडे येतात व तेथून हवेंत उडतात. पहिल्या रीतींत पदार्थाला वाट सांपडते. दुसऱ्या रीतींत पदार्थ भिंतीचाच कांहीं काळ रहिवासी होतो. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्याला पुढील सर्व गोष्टी सोप्या आहेत.

पहिल्या रीतीचा नियम फ्रान्स देशांतील दिजाँ शहराच्या हेन्री डार्सी नांवाच्या इंजिनिअरानें शोधून काढला. त्यानें आपल्या शहराला झऱ्याचें पाणी आणून दिलें होतें. पुढें पाणी वाळूंतून गाळण्याचा विचार करीत असतां त्यानें उभ्या लोखंडी नळकांड्यांत वाळू भरली, वर पाण्याचा दाब ठेवला व खालून मिनिटाला किती पाणी येतें हें मोजलें. त्याचा ग्रंथ १८५६ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा कीं दाब दुप्पट केला तर पाझर दुप्पट होतो, थर दुप्पट जाड केला तर पाझर निम्मा होतो. आणि उरलेला जो एक आंकडा तो त्या वाळूचा स्वतःचा गुण. त्यासच पारगम्यता म्हणावें. आजहि मातीची परीक्षा याच पद्धतीनें होते. वाळूसारखी मोकळी माती असेल तर वरचें पाणी एका उंचीवर कायम ठेवून खालचें मोजतात. चिकणमाती असेल तर तींतून येणारें पाणी इतकें थोडें असतें कीं वर एक बारीक कांचेची नळी लावून त्या नळींतलें पाणी किती वेळांत किती उतरलें तें पाहतात. स्वच्छ वाळू आणि नीट दाबलेली चिकणमाती यांच्या पारगम्यतेंत लाखपट अंतर असूं शकतें. शेतकऱ्याच्या व्यवहारांत येणाऱ्या दुसऱ्या कोणत्याहि गुणांत एवढा मोठा फरक क्वचितच आढळेल, आणि नेमका तोच गुण आपण डोळ्यांनीं अजमावूं पाहतों !

दुसऱ्या रीतीचा उलगडा रबरावरून झाला. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील मिचेल नांवाच्या डॉक्टरानें १८३१ सालीं असें पाहिलें कीं रबराच्या फुग्यांत भरलेले वायु निरनिराळ्या वेगानें निघून जातात. नंतर १८६६ सालीं लंडन येथें टॉमस ग्रॅहम यानें, जो त्या वेळीं इंग्लंडच्या टांकसाळीचा मुख्य अधिकारी होता, बारकाईनें मापें घेतलीं. रबराच्या पातळ पडद्यांतून नायट्रोजन जर एक भाग जात असेल तर ऑक्सिजन अडीच भाग जातो, हायड्रोजन साडेपांच भाग आणि कार्बन डायॉक्साइड साडेतेरा भाग ! कार्बन डायॉक्साइडचा कण कांहीं हायड्रोजनपेक्षां लहान नाहीं. तेव्हां ग्रॅहमनें ओळखलें कीं हा चाळणीचा प्रकार नव्हे. जो वायु रबरांत अधिक विरघळतो तो अधिक जातो. विरघळण्याचें प्रमाण आणि सरकण्याचा वेग, या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या पदार्थाची त्या वायूसाठीं पारगम्यता. यावरून हेंहि निघतें कीं ‘हें प्लास्टिक अभेद्य आहे’ असें म्हणणें अर्धवट आहे. अभेद्य कशास ? पाण्यास कीं रॉकेलास ? ऑक्सिजनास कीं कीटकनाशकास ? पाण्याला जें दार बंद आहे तेंच रॉकेलाला उघडें असूं शकतें.

आतां आपल्या तळ्याकडे येऊं. शेततळ्याचा काळा कागद उच्च घनतेच्या पॉलिथिनचा असतो. त्यांतून पाण्याची वाफ किती जाते हें पाहण्याची रीत इतकी साधी आहे कीं वाचकांस नवल वाटेल. एका उथळ पेल्यांत पाणी घालावयाचें, त्याच्या तोंडावर तो कागद मेण लावून पक्का बसवावयाचा, पेला कोरड्या व सारख्या उष्णतेच्या पेटींत ठेवावयाचा आणि रोज वजन करावयाचें. जितकें वजन घटलें तितकी वाफ कागदांतून गेली. मात्र तराजू फार नाजुक लागतो. अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या, धड कागदांतून दर चौरस मीटरमागें दिवसाला ग्रॅमचा अदमासें तिसाव्या भागाएवढें पाणी जातें. तळहाताच्या निम्म्याएवढ्या पेल्यावर सोनाराच्या तराजूनें ही घट पाहूं म्हणाल तर दोन महिने थांबावें लागेल.

वर सांगितलेल्या तळ्यांत कागदाचें क्षेत्र सुमारें १,००० चौरस मीटर भरतें. तेव्हां संबंध तळ्याच्या कागदांतून, कागद धड असतां, दिवसाला ३० ग्रॅम पाणी जाईल. अडीच तोळे ! तुळशीला घालावयास सुद्धां तें पुरणार नाहीं.

त्याच तळ्याच्या तोंडाशीं पाण्याची पसरी ९०० चौरस मीटर असते. आपल्या दुष्काळी पट्ट्यांत वैशाखांत दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडालें असें धरलें तर ६,३०० लिटर हवेंत जातें. म्हणजे विक्रेत्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. (उन्हाळ्याच्या तोंडीं विहिरीचें पाणी उपसून तळ्यांत उन्हाला मांडून ठेवण्याची जी चाल पडत आहे तिच्याविषयीं मला बरेंच म्हणावयाचें आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

आणि भोंक ? कागदाला दोन मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान, एकच भोंक तळाशीं पडलें आहे, वर तीन मीटर पाणी आहे आणि खालीं मोकळा मुरूम आहे असें समजा. त्यांतून दिवसाला सुमारें १,२५० लिटर पाणी जाईल. भोंक एक चौरस सेंटिमीटरचें असेल तर सुमारें ४०,००० लिटर. पाश्चात्य देशांत या विषयाचा अभ्यास केलेले जिरू व बोनापार्ट हे इंजिनिअर १८८९ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे १९८९ सालीं, असें लिहून गेले कीं चांगल्या देखरेखीखालीं घातलेल्या कागदालाहि दर एकरामागें एक चौरस सेंटिमीटरचें एक भोंक गृहीत धरूनच हिशेब करावा. तेथें ही स्थिति, तर आपल्याकडे रात्रीच्या घाईंत, दगडगोट्यांवर, चपला घालून अंथरलेल्या कागदाची काय कथा !

म्हणून माझें म्हणणें असें कीं शेततळ्याच्या बाबतींत ‘कागद किती मायक्रॉन ?’ या एकाच प्रश्नावर अडून बसणें चुकीचें आहे. जाडी लागते ती झिरप थांबविण्यासाठीं नव्हे. ती लागते दगड, मुळी, उंदीर, खेंकडा, कुत्र्याचीं नखें आणि ऊन यांना तोंड देण्यासाठीं. उन्हाच्या दृष्टीनें तर कागदांत शेंकडा दोन ते तीन काजळी नीट मिसळली आहे कीं नाहीं हें जाडीइतकेंच महत्त्वाचें. २०१६ सालीं राज्यांत ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू झाल्यापासून तळ्यांची संख्या वाढली, कागदाचा खप वाढला. पण जोड तपासण्याची संवय कांहीं वाढली नाहीं. दोन ओळींनीं वितळवून केलेला जोड असेल तर मधल्या पोकळ नाळींत दोन्ही तोंडें बंद करून पंपानें हवा भरतात व पांच मिनिटें दाबाचा कांटा पाहतात. कांटा घसरला कीं जोड फुटका. या परीक्षेला एक सुई, एक कांटा व सायकलच्या पंपाएवढें साधन लागतें. पैसे देण्यापूर्वीं प्रत्येक जोड आपल्यासमोर असा तपासून घेण्याचा आपला हक्क आहे, आणि तो करारांत लिहून घ्यावा.

कागद परवडत नाहीं त्यांनीं मातीचें अस्तर अगदींच टाकाऊ समजूं नये. डार्सीच्या नियमानें हिशेब करूं. ओलावून, थर थर देऊन, रोलरनें दाबलेल्या चिकणमातीची पारगम्यता सेकंदाला मीटरच्या एक अब्जांश भागाइतकी कमी येऊं शकते. असा ६० सेंटिमीटरचा थर तळाला असेल व वर तीन मीटर पाणी असेल तर दिवसाला अर्धा मिलिमीटर पाणी मुरेल. उन्हानें उडणाऱ्याच्या मानानें कांहींच नाहीं. तीच माती कोरडी, ढेकळांची, नीट न दाबलेली असली व पारगम्यता दसपट झाली तर ५ मिलिमीटर. शंभरपट झाली तर ५ सेंटिमीटर, म्हणजे तळें दोन महिन्यांत कोरडें. आपली काळी माती ओली असतां उत्तम अडवते. पण एकदां तळें आटून तिला भेगा पडल्या कीं डार्सीचा नियम संपला व माठाच्या जागीं चाळणी आली. ज्याच्या तळ्यांत वर्षभर थोडें तरी पाणी राहतें त्यानेंच मातीच्या अस्तरावर भिस्त ठेवावी.

आतां शेजाऱ्याच्या तळ्याचें माप. उडालेलें पाणी आणि झिरपलेलें पाणी वेगळें करण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. एक रुंद तोंडाचा प्लास्टिकचा टब घेतला, तळाशीं दोन गोटे ठेवले, तळ्याचेंच पाणी भरलें आणि तो तळ्यांत अशा बेतानें तरंगत ठेवला कीं आंतलें व बाहेरचें पाणी जवळजवळ एका पातळींत राहील. दोरीनें तो कांठाला बांधला. टबांतलें पाणी तळ्याइतकेंच तापतें, त्यावर तेंच ऊन व तोच वारा. म्हणून टबांतलें जितकें उतरलें तितकें उडालें, आणि तळ्याचें त्याहून जें अधिक उतरलें तें झिरपलें. मिलिमीटर वाचण्यास अडचण येते ती लाटांमुळें. त्यासाठीं पाईपचा एक तुकडा तळाशीं बारीक छिद्र पाडून पाण्यांत उभा रोवला. त्याच्या आंतलें पाणी निश्चल राहतें. पट्टी सरळ उभी न धरतां दहास एक या उतारावर तिरपी बसविली कीं एक मिलिमीटर उतार पट्टीवर एक सेंटिमीटर दिसतो. पाऊस नाहीं, पंप बंद, असे चार दिवस साधले म्हणजे झालें.

चार दिवसांत टबांतलें पाणी ३० मिलिमीटर उतरलें, तळ्याचें ६२. पसरी त्या वेळीं सुमारें ७०० चौरस मीटर होती. म्हणजे उडत होतें दिवसाला पांच हजार लिटरांच्या वर, आणि झिरपत होतें त्याहूनहि थोडें अधिक, सुमारें ५,६०० लिटर. एवढें पाणी धड कागदांतून जाणें अशक्य. तेव्हां कोठें तरी भोंक आहे हें निश्चित झालें. पण कोठें ? आम्ही माप तसेंच चालूं ठेवलें. पाणी आणखी एक वीत उतरलें आणि टबाचें व तळ्याचें माप एकदम जुळूं लागलें. याचा अर्थ भोंक त्याच पातळीवर, आतां उघडें पडलेलें. त्या ओळीनें चारी बाजूंनीं हात फिरवीत गेलों तों ईशान्येच्या कोपऱ्यांत जोडाची बोटभर जागा उसवलेली सांपडली. कागद चांगला होता. जोड वाईट होता. ठिगळ मारण्यास अर्धा तास पुरला. भांडण मात्र तीन आठवडे चाललें होतें, आणि त्या तीन आठवड्यांत गेलेलें पाणी कोणीहि भरून दिलें नाहीं.

सिमेंटच्या टाकीची गोष्ट थोडक्यांत सांगतों. सिमेंटला जमण्यास जेवढें पाणी लागतें त्याहून जें अधिक घालावें तें मागें बारीक नळ्या ठेवून जातें. अमेरिकेंतील पॉवर्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें कीं सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट पाणी घातलें तर सात दिवस ओलें ठेवल्यानें या नळ्या एकमेकींपासून तुटतात; ०.५० पट घातलें तर चौदा दिवस लागतात, ०.६० पट घातलें तर सहा महिने, आणि ०.७० पटीच्या वर गेलें तर त्या कधींच तुटत नाहींत, मग कितीहि भिजवा. ५० किलोच्या गोणीला हें प्रमाण साडेबावीस लिटर ते पसतीस लिटर असें पडतें, आणि त्यांत वाळूचा ओलावा धरावयाचा. गवंडी थापीला हलकें जावें म्हणून वरून तांब्याभर, आणखी तांब्याभर पाणी ओततो तेव्हां तो आपल्या टाकीला नळ्याच बसवीत असतो. गोबरगॅसच्या घुमटाला तर हें दुप्पट लागू. पाण्याला अडणारा गिलावा वायूला अडेलच असें नाहीं. घुमटाच्या नळीला यू आकाराची पारदर्शक नळी लावून तींत पाणी ठेवावें व वायूचा दाब रात्रभर कितपत टिकतो तें पहावें. मगच गवंड्याचा शेवटचा हप्ता द्यावा.

येथवरच्या गोष्टींत फार तर पाणी व पैसा जाईल. आतां जी गोष्ट सांगावयाची आहे तींत माणूस जातो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या हंगामांत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्दैवाचीं कारणें अनेक होतीं व तीं सर्व हातमोज्यांशीं निगडित नव्हतीं. पण त्यानंतर जागोजाग हातमोजे वांटले गेले, आणि ते कसले होते ? पुष्कळ ठिकाणीं दवाखान्यांत वापरतात ते पातळ, कोठें तर खानावळींत वाढप्याच्या हातांत असतात ते पिशवीसारखे. पाण्यांत बुडवून पाहिले तर त्यांना भोंक नाहीं. परंतु तळ्याचा न्याय येथें उलटा आहे. तेथें सारें जातें तें भोंकांतून व कागदांतून जवळजवळ कांहीं नाहीं; येथें भोंक नसतांहि जें जातें तेंच घातक. ज्या औषधाच्या बाटलीवर ई. सी. असें लिहिलेलें असतें त्यांत कीटकनाशक बहुधा तेलकट द्रावकांत विरघळविलेलें असतें. असलें द्रावक पातळ रबरांत हिंगाप्रमाणें शिरतें. म्हणूनच कारखानदार स्वतः तें साध्या प्लास्टिकच्या बाटलींत भरीत नाहींत. आंतून फ्लोरिनची प्रक्रिया केलेली किंवा अनेक थरांची बाटली वापरतात, नाहीं तर बाटलीच्या बाजू आंत ओढल्या जातात व मालहि घटतो. बाटलीची एवढी काळजी, आणि हाताची ?

हातमोज्याची परीक्षा कशी करतात तें पहा. कांचेच्या पेटीच्या दोन अर्ध्या भागांमध्यें मोज्याचा तुकडा पडद्यासारखा आवळतात. एका अंगाला रसायन भरतात, दुसऱ्या अंगानें शुद्ध हवा किंवा द्रव फिरवीत राहून त्यांत तें रसायन केव्हां उतरतें हें सूक्ष्म यंत्रानें पाहतात. युरोपच्या मानकाप्रमाणें दर चौरस सेंटिमीटरमागें मिनिटाला एक मायक्रोग्रॅम एवढा वेग झाला कीं मोजा ‘फुटला’ असें धरतात व तोंवरचीं मिनिटें नोंदतात. एका हाताचें कातडें अदमासें ४०० चौरस सेंटिमीटर. तेव्हां मोजा सर्व अंगानें भिजलेला असेल तर ‘फुटण्याच्या’ क्षणाला सुद्धां तासाला २४ मिलिग्रॅम या वेगानें विष आंत येत असतें, आणि पुढें तो वेग वाढत जातो.

या परीक्षेंतून निघालेला एक नियम प्रत्येक फवारणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मोजा दुप्पट जाड घेतला तर पुढें जाणारें विष निम्मेंच होतें. पण तें आंत पोहोंचण्यास लागणारा वेळ चौपट होतो. म्हणून येथें जाडीला खरी किंमत आहे, जी तळ्यावर आपण भलत्याच कारणासाठीं देतों. आणि उष्णतेनें ही सर्व हालचाल वेगानें होते. दुपारच्या उन्हांत तोच मोजा सकाळइतका वेळ टिकत नाहीं. तिसरी गोष्ट याहून वाईट. मोजा वरून धुतला तरी त्याच्या अंगांत शिरलेलें औषध रात्रभर आंतल्या बाजूकडे सरकत राहतें. सकाळीं गडी तोच ‘स्वच्छ’ मोजा हातांत घालतो आणि विष त्याची वाट पाहत बसलेलें असतें. २०१९ सालीं फवारणी करणारांच्या हातमोज्यांसाठीं आंतरराष्ट्रीय मानक १८८८९ प्रसिद्ध झालें आहे. त्यांत जी-१ हा प्रकार सौम्य धोक्यासाठीं आहे व मूळ औषध हाताळण्यास तो योग्य नाहीं. बाटली उघडून औषध मोजून ओतणाऱ्याला जी-२ लागतो. धोका सर्वांत मोठा तेथेंच, पंप पाठीवर घेण्याआधीं. जो मालक आपल्या गड्याच्या हातीं न विचारतां कसलाहि मोजा देतो व ‘सुरक्षेचें साहित्य दिलें’ अशी सही घेतो, त्याला मी निर्दोष मानीत नाहीं. आणि असे मालक आपल्यांतच आहेत.

धान्याच्या पिशवीविषयीं दोन शब्द. हवाबंद पिशवींत कडधान्यांतले भुंगे व त्यांच्या अळ्या आंतला ऑक्सिजन खाऊन संपवितात व मग त्यांचें खाणें बंद पडतें. खाणें बंद पडलें कीं शरीराला पाणी मिळत नाहीं व ते वाळून मरतात. औषधाची गोळी लागत नाहीं. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठांतील मरडॉक यांनीं कॅमेरून देशांतील चवळीसाठीं ही तीन थरांची पिशवी बसविली : आंत उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या ८० मायक्रॉनच्या दोन पिशव्या व वर विणलेलें पोतें. हें सारें गणित ऑक्सिजन आंत येण्याच्या वेगावर उभें आहे. साध्या मऊ पॉलिथिनमधून उच्च घनतेच्या मानानें सुमारें तिप्पट ऑक्सिजन येतो. तसली पातळ पिशवी दिसावयास तशीच असते, पण कीड उपाशी राहत नाहीं. घेतांना जात व जाडी दोन्ही लिहून मागावीं. भरण्यापूर्वीं आंत हवा कोंडून, तोंड पिळून, दाबून पहावें, आणि धान्य दाताखालीं कडक वाजेल इतकें वाळलेलें असावें.

हीं सर्व परीक्षणें एकट्या शेतकऱ्यानें करावीं असें मी म्हणत नाहीं. आपल्या मंडळानें ती जबाबदारी उचलावी. जोड तपासण्याचा कांटा व पंप, दोन टब, तिरप्या पट्ट्या आणि यू-नळ्या एवढें साहित्य मंडळाच्या कचेरींत ठेवून सभासदांस नाममात्र भाड्यानें द्यावें. कागद व पिशव्या यांची घाऊक खरेदी होते तेव्हां दर खेपेचा एक तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा व आलेला आंकडा याच मासिकांत छापावा, मग विक्रेता कोणीहि असो. विणून लेप दिलेल्या कागदासाठीं भारतीय मानक १५३५१ आहे. त्याचा नुसता शिक्का पाहूं नये, त्या खेपेचा परीक्षण-कागद मागावा. आणि हातमोजे मंडळानें एकदांच, पुरे जाड, मानकाचा क्रमांक व प्रकार छापलेले असे मागवून घ्यावे.

गेल्या सभेंत एका सभासदानें विचारलें कीं एवढा खटाटोप पूर्वींच्या लोकांनीं केला होता काय. केला होता. सोलापुराकडे ज्वारीचें पेंव उघडल्यावर त्यांत लगेच कोणी उतरत नसे. तोंड उघडें ठेवून हवा खेळूं देत, मग दोरीला बांधलेला पेटता कंदील आंत सोडीत. तो विझला तर माणूस वरच थांबे.